तेल गोठलं, तळाला गाळ बसला, म्हणजे भेसळ आहे का?
(लाकडी घाण्याच्या आमच्या ग्राहकांसाठी)

थंडी पडली की आम्हाला फोन यायला लागतात, शेंगदाणा तेल फ्रीजमध्ये ठेवलं तर गोठलं, पामतेल मिसळलंय का? व्हॉट्सॲपवर ती फ्रीजची टेस्ट फिरत असते त्यामुळे बऱ्याच जणांना ही शंका येते, आणि खायच्या वस्तूबद्दल विचारलंच पाहिजे. पण त्या टेस्टवर भरवसा ठेवू नका, शुद्ध शेंगदाणा तेलसुद्धा फ्रीजमध्ये आधी धुरकट आणि मग घट्ट होतं.

कुठलंही तेल किंवा तूप घ्या, त्यात जवळजवळ सगळे ट्रायग्लिसराइड नावाचे रेणू असतात. एक ग्लिसरॉल आणि त्याला चिकटलेली तीन फॅटी ॲसिड. चरबीचे हे घटक फ्रान्सच्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने साबणावर काम करताना उलगडले आणि १८२३ साली त्यावर पुस्तक लिहिलं.

आता फॅटी ॲसिड म्हणजे काय तर कार्बनची लांब साखळी, तिला बाजूने हायड्रोजन लागलेले. हायड्रोजन पुरेपूर असतील तर ते सॅच्युरेटेड, साखळी सरळ राहते. कुठे दुहेरी बंध असला तर ते अनसॅच्युरेटेड आणि त्या जागी साखळीला बाक येतो. सरळ काठ्यांची मोळी घट्ट बांधता येते, बाभळीच्या वाकड्या फांद्यांची येत नाही, तसंच इथे होतं. १८ कार्बनचं स्टिअरिक ॲसिड सरळ, ते वितळायला ६९ अंश लागतात. ओलिइकमध्ये पण १८च कार्बन, फक्त एक दुहेरी बंध, ते १३ अंशांच्या आसपासच वितळतं. दोन दुहेरी बंधांचं लिनोलिइक तर शून्याच्या खाली ५ अंशांपर्यंत पातळ राहतं. एवढ्याशा बदलाने केवढा फरक पडतो बघा!

खोबरेल तेलात साधारण ९० टक्के सॅच्युरेटेड, म्हणून २४ अंशांच्या खाली गेलं की ते थिजतं. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात तीन चतुर्थांशाच्या आसपास लिनोलिइक, ते फ्रीजमध्येही वाहतं. शेंगदाण्यात मुख्यतः ओलिइक आणि लिनोलिइकच आहे, पण थोडे टक्के २० ते २४ कार्बनच्या लांब सरळ साखळ्याही असतात, थंडीत आधी त्या एकत्र येतात आणि तेल गढूळ दिसतं. बाटली कोमट पाण्यात ठेवा, पुन्हा होतं तसं होईल. भेसळ खरंच तपासायची असेल तर लॅबमधून फॅटी ॲसिड प्रोफाइल काढून घ्या, कुठली ॲसिड किती आहेत ते त्यात दिसतं.

गाळाचं म्हणाल तर आम्ही तेल टाकीत निवळून मग भरतो, तरी तळाला थोडा साका बसतो. त्यात दाण्याचे बारीक कण असतात आणि फॉस्फोलिपिड असतात. फॉस्फोलिपिडमध्ये तिसऱ्या फॅटी ॲसिडच्या जागी फॉस्फेटचा गट असतो, त्यामुळे रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि बाकीचा भाग पाण्यापासून लांब राहतो. आपल्या प्रत्येक पेशीचं आवरण याच रेणूंच्या दोन थरांचं बनलेलं आहे, तुमच्या बाटलीच्या तळाशी आहे तेच. रिफायनिंगमध्ये ते काढून टाकतात. आमच्या तेलात राहतात म्हणून तळताना फेस जास्त येतो आणि धूर लवकर निघतो, त्यामुळे आम्ही आमच्याच ग्राहकांना स्पष्ट सांगतो की हे तेल फोडणीला, भाजीला, चटणीवर घ्यायला छान, पण मोठ्या आचेवर सारखं तळण करायला नको. आणि तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका, कुठलंही असो.

खवट वासाचं कारण हवा. लिनोलिइकच्या दोन दुहेरी बंधांच्या मधला कार्बन ऑक्सिजनच्या तावडीत पटकन सापडतो, साखळी तुटते आणि वास मारणारे छोटे रेणू तयार होतात. म्हणून करडई आणि जवस लवकर खवट होतात, जवसात तर तीन दुहेरी बंधांचं ॲसिड निम्म्याहून जास्त. तिळात सेसमॉलसारखे राखणदार रेणू असल्याने ते टिकतं. करडई लहान बाटलीतच घ्या, अंधारात ठेवा, झाकण लगेच लावा, आणि जुन्या बाटलीत नवीन तेल अजिबात ओतू नका.

‘कोलेस्टेरॉल फ्री’ असं आम्ही लेबलवर छापत नाही, कारण कोलेस्टेरॉल मुख्यतः प्राण्यांच्या पेशीत असतं आणि वनस्पती तेलात ते नसल्यातच जमा, मग घाण्याचं असो की रिफाइंड. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढण्याशी सॅच्युरेटेडचं प्रमाण जोडलेलं आहे, ते बघा. आणि वजनाचं म्हणाल तर एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, पिठातल्या स्टार्चमध्ये आणि डाळीच्या प्रोटीनमध्ये ४, इथे घाण्याच्या तेलाला काही सूट नाही. कमी वापरा असं तेल विकणाऱ्यानेच सांगणं काहींना विचित्र वाटेल, पण आम्हाला ते सांगावंसं वाटतं.

एक गोष्ट मात्र आमच्या हातात आहे आणि आम्ही ती जिवापाड सांभाळतो. ओलसर शेंगदाण्यावर बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, यकृताला अतिशय घातक. रिफायनिंगमध्ये ते बरंचसं निघून जातं, घाण्यात निघत नाही. त्यामुळे दाणे वाळवलेलेच घेतो, काळे, सुरकुतलेले, फुटके दाणे हाताने निवडून बाजूला काढतो आणि ते पेंडीतही जाऊ देत नाही, कारण ती पेंड गाईम्हशी खातात आणि ते विष रूप बदलून दुधात उतरतं. निवडणं चालू असताना घाण्यावर येऊन बघायचं असेल तर सकाळी या, कोणालाही मनाई नाही.