हिम्मत शाह : ड्रॉइंग आणि शिल्प

शिल्पकार आणि चित्रकार हिम्मत शाह (१९३३–२०२५) मूळचे गुजरातमधल्या लोथलचे, जिथे हडप्पा काळातलं गाव खणून काढलं तेच लोथल. बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजवाल्यांसाठी मात्र ते हिम्मतभाई. १९५० च्या दशकाच्या शेवटी ते इथे शिकले, तेव्हा पेंटिंग शिकवायला ना. श्री. बेंद्रे होते, म्हणजे इंदूरचे आपले बेंद्रे, आणि शिल्पाला शंखो चौधुरी, त्यामुळे चित्र आणि शिल्प अशा भिंती त्या वातावरणात फारशा नव्हत्याच.

पुढे चित्रकार जे. स्वामीनाथन वगैरे मंडळींबरोबर ‘ग्रुप १८९०’ हा कलाकारांचा गट झाला, भावनगरमधल्या एका घराच्या नंबरावरून हे नाव. १९६३ मधे दिल्लीत या ग्रुपचं एकच प्रदर्शन झालं, उद्घाटनाला नेहरू होते, त्यात हिम्मतभाईंची जाळलेल्या कागदाची कोलाज होती. १९६७ ला पॅरिसला छापचित्रकार हेटर यांच्या स्टुडिओत एचिंग (धातूच्या पत्र्यावर ॲसिडने रेषा कोरून छापायचं तंत्र), आणि परत आल्यावर अहमदाबादच्या सेंट झेवियर्स शाळेत वीट, सिमेंटची मोठी म्यूरल्स, म्हणजे भिंतीवरची शिल्पं.

पण त्यांची खरी ओळख टेराकोटाची, म्हणजे भाजलेल्या मातीची डोकी. दिल्लीच्या गढी या कलाकारांच्या स्टुडिओत त्यांनी वर्षानुवर्षं स्लिप कास्टिंगवर काम केलं. यात पातळ केलेली माती प्लास्टरच्या मोल्डमधे ओततात, प्लास्टर पाणी ओढून घेतं, कडेला मातीचा थर धरतो, मग उरलेली माती ओतून टाकायची आणि आतून पोकळ वस्तू मिळते. कप-बशीच्या कारखान्यात हेच करतात आणि तिथे सगळे नग सारखे यावे लागतात, हिम्मतभाईंनी तेच तंत्र घेऊन त्यावर ओरखडे, चिरा, दाबलेले ठसे, कधी चांदीचा वर्ख असं चढवत नेलं. चेहऱ्याला डोळे असतीलच असं नाही, नाक म्हणजे नुसती एक उभी धार, तरी माणूस ओळखू येतो!

आणि ड्रॉइंग बघितल्याशिवाय ही डोकी नीट कळत नाहीत असं माझं ठाम मत आहे, कारण कागदावरची त्यांची शाईची रेष जशी खरवडत, अडत जाते तशीच ती मातीवर जाते, फक्त इथे तिला खोली मिळते आणि उजेड बाजूने पडला की सावली मिळते.

२००० नंतर ते जयपूरला राहिले, डोकी ब्राँझमधेही ओतली. ती टिकाऊ आहेत, भारदस्त दिसतात, पण बोटाचा दाब जितका मातीत कळतो तितका ब्राँझमधे कळत नाही, म्हणून शक्य असेल तर आधी टेराकोटाच बघावं.