ऑर्गॅनिक की सिंटर्ड? फरक ब्रेक तापल्यावर कळतो

बाइकवरून लांबची राइड ठरली की प्रश्न येतोच, ‘ब्रेकचे पॅड बदलतोय, सिंटर्ड टाकू ना?’ आणि उत्तरही ठरलेलं, ‘डोळे झाकून टाक, ब्रेक जबरदस्त लागतो.’ हे उत्तर पूर्ण चूक नाही, पण निम्मंच आहे. आणि सामान लादून, मागे माणूस बसवून घाट उतरताना नेमकं उरलेलं निम्मं कामाला येतं.

पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला चिमटून थांबवणारे तुकडे. त्यातले ऑर्गॅनिक ओळखीचे. अ‍ॅरामिडसारखे तंतू आणि बाकीची भर रेझिनने, म्हणजे डिंकासारख्या द्रव्याने, बांधलेली. नरम, कमी आवाज करणारे, डिस्कला जपणारे, लवकर झिजणारे. सिंटर्डमध्ये तांब्यासारख्या धातूंची पूड दाबून, वितळणार नाही इतपत तापवून एकजीव केलेली असते. ते जास्त टिकतात, पावसात लवकर पकडतात, डिस्क थोडी जास्त खातात. यात अडकण्यासारखं काही नाही. फक्त ‘सिंटर्ड थंड असताना लागत नाहीत’ ही अफवा सोडून द्या. ती शर्यतीच्या पॅडांची गोष्ट आहे. रस्त्यासाठी बनवलेले सिंटर्ड घरातून निघाल्यावर पहिल्याच वळणावर नीट लागतात.

दुसरा घोळ अक्षरांचा. बऱ्याच पॅडांच्या पाठीवरच्या पत्र्यावर जीजी, एचएच अशी जोडी छापलेली असते. पहिलं अक्षर साधारण तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. एफ म्हणजे घर्षणांक (पकडीचा आकडा) ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, एच त्याच्या वर. बस्स. पॅड कशाचा बनलाय आणि किती टिकेल याबद्दल ती अक्षरं चकार शब्द काढत नाहीत. ‘एचएच म्हणजेच सिंटर्ड’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांचा मला खरोखर वैताग येतो. वाचायचंच असेल तर दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खाली घसरलंय का ते बघा. जीएफ असेल, तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो हे त्याच्याच पाठीवर लिहिलेलं आहे.

आता मुख्य मुद्दा. ब्रेक गाडीचा वेग गिळून टाकत नाही, त्याची उष्णता करतो, आणि ती उष्णता कुठेतरी जावी लागते. गाडी, माणूस आणि सामान मिळून २५० किलो धरा आणि ५०० मीटर उंची उतरा. सुमारे १२ लाख ज्यूल ऊर्जा झाली, म्हणजे जवळपास चार लिटर पाणी उकळीला येईल इतकी. त्यातली काही हवा खाते, काही इंजिन. बाकीची डिस्क, पॅड आणि पॅडना धरून दाबणाऱ्या कॅलिपरच्या वाट्याला येते.

ऑर्गॅनिक पॅड मर्यादेपलीकडे तापला की रेझिन जळायला लागतं. त्यातून वायू सुटतात, घर्षण पडतं, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होऊ शकतो. अशा वेळी ब्रेकची लिव्हर बोटांना टणक लागते, नेहमीच्याच जागी थांबते, तुम्ही जीव खाऊन दाबता आणि गाडी मात्र थांबायचं नाव घेत नाही. जळका वासही येतो. हा पॅडचा फेड, म्हणजे तापल्याने पकड जाणं. इथे सिंटर्ड नक्कीच वरचढ आहे, कारण जळायला त्यात रेझिनच नाही.

पण धातू उष्णता चांगली वाहून नेतो. सिंटर्ड पॅड स्वतः तग धरतो आणि उष्णता त्याला पाठीमागून दाबणाऱ्या पिस्टनकडे, तिथून ब्रेक ऑइलकडे जास्त सहज पोहोचवतो. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस हवा. पाणी मुरल्यानंतरच्या चाचणीत मात्र तोच निकष १५५ वर येतो. ऑइल उकळलं की कॅलिपरमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग लिव्हर स्पंजासारखी मऊ होत होत थेट हँडलला टेकते. पॅड ठणठणीत, ब्रेक गायब.

लिव्हर टणक आणि ब्रेक नाही, तर दोष पॅडचा. लिव्हर मऊ आणि ब्रेक नाही, तर दोष ऑइलचा. लोक दोन्हींना ‘ब्रेक फेल’ म्हणतात आणि दोन्हींवर ‘सिंटर्ड टाक’ हाच एक उपाय सांगतात. जुनाट ऑइलवर नवे सिंटर्ड बसवणं म्हणजे संकट पॅडमधून ऑइलमध्ये ढकलणं. ऑइल बदलून दोन वर्षं उलटली असतील, तर पॅडवर पैसे घालण्याआधी ऑइल बदला आणि लाइनमधली हवा नीट काढून घ्या. क्लच दाबून, मागचा ब्रेक पायाखाली धरून अख्खा घाट उतरणाऱ्यांना मात्र कुठलाच पॅड वाचवणार नाही. गिअर खाली टाका, इंजिनला काम करू द्या, ब्रेक थोडा वेळ जोरात लावा आणि सोडा.

माझी निवड सरळ आहे. कंपनीने पुढच्या चाकाला सिंटर्ड दिले असतील तर सिंटर्डच. ऑर्गॅनिक दिले असतील आणि ओझं घेऊन डोंगरात जायचं असेल, तर आधी डिस्क कशाची आहे ते बघा. स्टेनलेस स्टीलची असेल आणि पॅड बनवणाऱ्याने तुमच्या मॉडेलसाठी सिंटर्ड दिला असेल, तर बदला. जुन्या गाडीची बिडाची डिस्क असेल तर नको, सिंटर्ड तिला खरवडून काढतील. मागच्या चाकाला मी ऑर्गॅनिकच ठेवतो, तिथे जास्त पकड म्हणजे चाक लॉक व्हायची घाई. पुढे दोन डिस्क असतील तर दोन्हीकडे एकच पॅड, एकाच वेळी.

पॅडमधली खाच दिसेनाशी होत आली असेल किंवा मटेरियल दोन मिलिमीटर उरलं असेल, तर ‘परत आल्यावर बघू’ नको. पण निघायच्या आदल्या रात्रीही बदलू नका. नवा पॅड डिस्कशी जुळायला दोन-तीनशे किलोमीटर मध्यम ब्रेकिंग लागतं, आणि ते मोकळ्या, ओळखीच्या रस्त्यावर झालेलं बरं. पॅडची जात बदलत असाल तर जुन्याचा थर डिस्कवरून घासून, ब्रेक क्लीनरने पुसून काढा.

पिस्टन मागे ढकलण्याआधी त्यावरची घाण साफ करा, नाहीतर ती सीलमध्ये जाते. ढकलताना वरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल चढतं आणि सांडलं तर रंग खातं, म्हणून झाकण उघडून लक्ष ठेवा. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लायडर पिनला साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. सगळं बसल्यावर गाडी जागची हलवण्याआधी लिव्हर पंप करत राहा. पहिले काही दाब पोकळच जातात, पिस्टन पॅडला भिडला की ती घट्ट लागते.