सालदारी की उक्तं? ‘रिमोट’च्या एकाच पाटीखालची दोन कामं

चाळीसगावचा माझा भाचा तीन वर्षांपासून पुण्यात कोडिंग करतो. दिवाळीला आला तेव्हा त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. ‘मामा, रिमोट जॉब आहे, अमेरिकेची कंपनी. अर्ज करू का? आपल्याकडून घेतात का पण?’ मी विचारलं, ‘सालदारी आहे की उक्तं?’ त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

थट्टा नव्हती. आपल्याकडे सालदार अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ठरतो आणि पुढच्या अखाजीपर्यंत त्या घरचा होतो. पाऊस पडो न पडो, ठरलेली वर्षाची मजुरी त्याला मिळते, आजारी पडला तर मालकाने बघायचं असतं. उक्तं म्हणजे एवढ्या एकराची निंदणी, एवढे रुपये. काम झालं, पैसे घेतले, रामराम. वावर तेच, विळा तोच. बांधावरून बघणाऱ्याला दोघांत फरक दिसत नाही. रिमोट कामाच्या जाहिरातीतही तो दिसत नाही, कारण दोन्हीवर ‘फुल-टाइम, रिमोट’ असंच लिहिलेलं असतं.

सालदारी म्हणजे खरी नोकरी. परदेशी कंपनीला तुम्हाला भारतात पगारावर ठेवायचं तर दोन वाटा. एक तर तिची इथे नोंदलेली कंपनी हवी. नाही तर तिने मधल्या एखाद्या कंपनीमार्फत तुम्हाला घ्यायचं. त्याला ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’ म्हणतात, ‘डील’ (Deel) नावाच्या कंपनीसारख्या कंपन्या हे काम करतात. कागदावर तुम्ही त्या मधल्या कंपनीचे नोकर, रोजचं काम मात्र परदेशी टीमबरोबर. पगार रुपयांत, टीडीएस म्हणजे कर आधीच कापून, पीएफ भरून. मधल्या कंपनीला दर माणशी दर महिन्याला फी द्यावी लागते, म्हणून लहान कंपन्या या भानगडीत पडत नाहीत. त्या सरळ म्हणतात, तुम्ही कॉन्ट्रॅक्टर व्हा, महिन्याच्या शेवटी बिल पाठवा. हे झालं उक्तं. गंमत अशी की त्या उक्त्यालाही रोजची मीटिंग असते, मॅनेजर असतो, सुट्टी विचारून घ्यावी लागते. माणूस वर्षभर स्वतःला नोकरदार समजतो आणि मार्चमध्ये सीएच्या समोर बसल्यावर त्याला कळतं की आपण धंदेवाले आहोत.

पैशाचं गणित इथेच फिरतं. समजा दोघांना वर्षाला २४ लाख मिळतात. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते आणि उरलेल्या २३.२५ लाखांवर सेससकट २,९२,५०० रुपये कर बसतो. कॉन्ट्रॅक्टरला १९६१ च्या आयकर कायद्यातलं ४४एडीए कलम वापरता आलं, तर निम्मी रक्कम उत्पन्न धरतात. म्हणजे १२ लाख. आणि १२ लाखांपर्यंत सवलतीमुळे कर शून्य. (ही सोय वर्षाला ५० लाखांपर्यंतच्या जमेला आहे, रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर ७५ लाखांपर्यंत.) हा हिशोब ऐकला की पोरांचे डोळे चमकतात. पण जमा २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी आली. सेवेची निर्यात म्हणून कराचा दर शून्य, तरी दरवर्षी एलयूटी नावाचं हमीपत्र भरायचं, विवरणपत्रं वेळेवर द्यायची, बँकेकडून परकीय चलन आल्याचा दाखला घेऊन जपून ठेवायचा. टीडीएस कापणारं कोणी नाही, त्यामुळे कर बसत असेल तर आगाऊ कर आपणच लक्षात ठेवून भरायचा. ४४एडीएवाल्याने तो सगळा १५ मार्चपर्यंत. अमेरिकन ग्राहक सुरुवातीला डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म मागतो, त्याला घाबरू नका. आपण तिथले नागरिक-रहिवासी नाही, एवढंच त्यात सांगायचं असतं.

शिवाय या वाचलेल्या कराची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. मीही उक्तंच काम करतो; अमळनेरला घर बांधायला कर्ज मागायला गेलो तेव्हा बँकेने तीन वर्षांची विवरणपत्रं मागितली आणि त्यात दिसणारं निम्मंच उत्पन्न धरलं. कर वाचवताना मीच कमी दाखवलेलं, आता भांडू कुणाशी? पगाराची स्लिप घेऊन आलेला शेजारच्या टेबलवरचा शिक्षक माझ्याआधी सही करून गेला. सोयरिकीचंही तेच. ‘मुलगा काय करतो?’ याला ‘घरी बसून अमेरिकेचं काम’ हे उत्तर पाहुण्यांना अजून पटत नाही.

उक्त्याचा खरा काटा मात्र कर नाही, तर तोडणं आहे. माझा एक ग्राहक एका शुक्रवारी म्हणाला, पुढच्या शुक्रवारपासून नको. करारात सात दिवसांची नोटीस होती, मी सही करताना वाचलीही नव्हती. भरपाई नाही, ग्रॅच्युइटी नाही, पीएफ तर नव्हताच. शेवटचं बिल दोन महिने अडकलं. वाद झाला तर न्यायनिवाडा अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या कायद्याने, असं करारात लिहिलेलं. अमळनेरहून डेलावेअरला कोण जातो? तेव्हापासून मी महिन्याचं बिल पंधरा दिवसांचं केलं आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय उक्तं घेत नाही. आरोग्य विमाही स्वतःचा.

घड्याळ दोघांनाही सारखंच छळतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, आणि तिथला दिवस संपतो तेव्हा इथे पहाटेचे साडेपाच. बर्लिनचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे साडेबारा, हिवाळ्यात दीड. मला विचाराल तर युरोप आधी बघा. एप्रिल-मेमध्ये इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, लाईट जाते. फायबर, मोबाईलचं दुसरं नेट आणि इन्व्हर्टर हा आपला धंद्याचा खर्च समजा.

जाहिरातीत ओळखायचं कसं? ‘डब्ल्यू-२’ किंवा ‘१०९९’ दिसलं तर ते अमेरिकेतले कराचे फॉर्म आहेत, काम बहुतेक तिथेच राहणाऱ्यांसाठी. ‘रिमोट’च्या पुढे कंसात देशाचं नाव असेल तर त्या देशाबाहेरून अर्ज करून वेळ घालवू नका, तुमच्या कोडमध्ये खोट नसते, त्यांना इथे पगार देण्याची सोयच नसते. ‘कॉन्ट्रॅक्टर’, ‘बी-टू-बी’, ‘इन्व्हॉइस’ यांपैकी काही असेल तर उक्तं. काहीच नसेल तर पहिल्याच मेलमध्ये विचारा: भारतात मला पगारावर ठेवाल की बिल मागाल? यात लाजण्यासारखं काही नाही. आणि कामाआधी कोणी ‘डिपॉझिट’ मागितलं, टेलिग्रामवर ‘टास्क’ दिले, तर ती ना सालदारी ना उक्तं, ती फसवणूक.

आपल्याकडून घेतात का, हा भाच्याचा अर्धा प्रश्न. घेतात. १९४५ मध्ये अमळनेरला खाद्यतेलाचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या विप्रोचं सॉफ्टवेअरचं काम पुढे बंगळूरला वाढलं, आणि आमची पिढी कामामागे पुण्या-बंगळूरला गेली. आता काम घरी येऊ शकतं. पण नुकत्याच पास झालेल्या पोराला मी उक्तं घेऊ देणार नाही. निंदणी उक्ती देणारा कुणाला खुरपं धरायला शिकवत नाही, त्याला हात बसलेला माणूस हवा असतो. परदेशी कंपनीही कॉन्ट्रॅक्टरला शिकवायला वेळ घालवत नाही. दोन-तीन वर्षं टीममध्ये बसून, चुका करून, कोणाकडून तरी कोड तपासून घेऊन मगच. भाच्याची ती वर्षं झालीत, म्हणून त्याला नाही म्हटलं नाही.

त्याने मेल पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं: कॉन्ट्रॅक्टर, डॉलरमध्ये, नोटीस चौदा दिवस. तो तीस दिवसांसाठी घासाघीस करतोय, आणि पुण्याची नोकरी अजून सोडलेली नाही.