छाटणीच्या काड्या आणि हरित द्रावकांचा प्रवास

द्राक्षांची एप्रिलची खरड छाटणी उरकली की दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये बांधांवर काड्यांचे ढीग लागतात. कुणी त्यांची कुट्टी करून सरीत टाकतं, कुठे ढीग पेटवून दिला जातो. वाळलेली काडी हातात घ्या. साल दोऱ्यासारखी सुटते, आतलं लाकूड मात्र सहजी दाद देत नाही. या चिवटपणाशी रसायनशास्त्र पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ झुंजतंय.

लाकडात सेल्युलोजचे लांब धागे असतात, त्यांना वेढून हेमिसेल्युलोज आणि सगळ्यांना जखडणारं लिग्निन. आन्सेल्म पायेन यांनी १८३८ मध्ये सेल्युलोज वेगळं काढलं. कापूस म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज. नाशिकरोडला छापल्या जाणाऱ्या नोटांचा कागद कापसाचा, त्यामुळे तिथे लिग्निनशी झगडा नाही. लाकडाला मात्र ते काढावंच लागतं. कार्ल डाल यांनी १८७९ मध्ये कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये लाकूड शिजवण्याची क्राफ्ट पद्धत आणली. जगातला बराचसा लगदा आजही तसाच बनतो. त्यात लिग्निन काळ्या द्रावात उतरतं आणि बहुतेक बॉयलरमध्येच जळतं. माझ्या मते हीच खरी नासाडी.

१९३१ मध्ये क्लाइनर्ट आणि टायेंथाल यांनी पाणी आणि इथेनॉलमध्ये लाकूड शिजवलं. लिग्निन द्रावात उतरलं, आणि इथेनॉल ऊर्ध्वपातनाने परत मिळवता येत होतं. १९३४ मध्ये ग्रेनाखर यांनी वितळलेल्या क्षारात सेल्युलोज विरघळवण्याचं पेटंट घेतलं, पण ते पडून राहिलं. २००२ मध्ये अमेरिकेत रॉबिन रॉजर्स यांच्या गटाने तो धागा पुन्हा उचलला. असे आयनिक द्रव जवळपास उडत नाहीत, म्हणून ते ‘हरित’, म्हणजे पर्यावरणाला कमी घातक ठरले. पुढे त्यातले काही पाण्यातल्या जिवांना विषारी निघाले. नुसती वाफ होत नाही एवढ्यावर हे बिरुद देणं घाईचं होतं.

मला सर्वांत भावतो तो २००३ चा टप्पा. ब्रिटनमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या अँड्र्यू अॅबट यांनी रेणूंच्या हिशेबाने एक भाग कोलीन क्लोराइडमध्ये दोन भाग युरिया मिसळला. पहिलं ३०२ अंशांना वितळतं, दुसरं १३३ ला, मिश्रण मात्र १२ अंशांनाच द्रवरूप! युरियाची गोणी प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी, कोलीन क्लोराइड कोंबड्यांच्या खाद्यात. लाकडासाठी युरियाऐवजी लॅक्टिक आम्लाची जोड सरस ठरली. २०१२ च्या सुमारास दिसलं की असं मिश्रण लिग्निन विरघळवतं, पण सेल्युलोजला फारसं शिवत नाही. लिग्निनपासून रेझिन, सेल्युलोजपासून साखर, मग इथेनॉल.

अडतं ते द्रावक परत मिळवताना. ही मिश्रणं घट्ट असतात, लगदा धुवायला भरपूर पाणी लागतं आणि ते पाणी उडवायला इंधन. नाशिकच्या काडीत आणखी एक गुंता आहे. वर्षभर मारलेल्या बोर्डोतलं (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकातलं) तांबं सालीवर राहतं, आणि कोलीन क्लोराइडवरची द्रावकं कॉपर ऑक्साइडही विरघळवतात. तेच द्रावक पुन्हा पुन्हा वापरलं तर तांबं त्यात साचत जाणार, म्हणून काडी आधी धुवावी की सोलावी, इथून सुरुवात करावी लागेल.