अग्रखंडीय अल्फा असमानता

मेंदूच्या डाव्या आणि उजव्या अग्रखंडांच्या (कपाळामागच्या भागांच्या) क्रियाशीलतेतील फरक. त्याचा मनःस्थितीशी संबंध असावा, असे आधी रुग्णांवरून दिसले. डाव्या गोलार्धाला इजा झालेले रुग्ण हताश होतात, रडतात. उजव्या बाजूला इजा झालेले मात्र आजाराबद्दल बेफिकीर असतात, असे इटलीचे ग्वीदो गाइनोत्ती यांनी १९७२ मध्ये नोंदवले. पुढे अमेरिकेत रिचर्ड डेव्हिडसन यांनी निरोगी माणसांत हाच फरक ईईजीने, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या विद्युत लहरी टिपणाऱ्या चाचणीने, मोजला.

मोजताना ८ ते १३ हर्ट्झच्या अल्फा लहरी पाहतात. अल्फा वाढली की त्या भागातले काम कमी झाले असे धरतात, आणि नवख्यांची गल्लत नेमकी इथेच होते. डोक्यावर उजवीकडे पुढे असलेल्या एफ-४ या इलेक्ट्रोडच्या जागेवरील अल्फा शक्तीच्या नैसर्गिक लॉगॅरिदममधून डावीकडच्या एफ-३ चा वजा करतात. उत्तर धन आले, तर डावी बाजू तुलनेने अधिक सक्रिय. नोंद सहसा ८ मिनिटांची असते. एक मिनिट डोळे मिटलेले, एक मिनिट उघडे, असे आलटूनपालटून.

आकडा फसवा ठरतो तो बहुधा संदर्भ इलेक्ट्रोडमुळे, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून बाकीच्या जागांवरील लहरी मोजतात त्या इलेक्ट्रोडमुळे. तो डोक्याच्या माथ्यावर ठेवला तर तिथली अल्फाही हिशेबात मिसळते आणि त्याच माणसाचा निकाल बदलतो. पापण्यांची उघडझाप, आवळलेला जबडा हेही नोंद बिघडवतात. शिवाय आकड्याचा बराच भाग स्वभावाचा नसून त्या दिवसाच्या मनःस्थितीचा असतो, म्हणून एकाच बैठकीवरून स्वभाव ठरवू नये.

डावी बाजू आनंदाची, उजवी दुःखाची, ही मांडणी रागापाशी कोसळते. राग अप्रिय असतो, तरी रागावलेल्या माणसात डावा अग्रखंड अधिक सक्रिय आढळतो. त्यामुळे डावीकडे पुढे सरसावण्याची आणि उजवीकडे माघार घेण्याची प्रेरणा, ही मांडणी जास्त पटते. नैराश्याचे निदान करण्याइतका भरवसा मात्र या आकड्यावर ठेवता येत नाही.

‘डाव्या मेंदूची’ तर्कनिष्ठ आणि ‘उजव्या मेंदूची’ कलावंत माणसे, ही लोकप्रिय विभागणी वेगळीच, आणि निराधार आहे. २०१३ मध्ये युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी हजारावर मेंदूंची छायाचित्रे तपासली. संपूर्ण गोलार्ध वरचढ असलेले व्यक्तिगट त्यांना आढळले नाहीत.

नैराश्यावरील चुंबकीय उत्तेजन उपचारात गोलार्धांचा फरक प्रत्यक्ष वापरला जातो: डाव्या अग्रखंडाला साधारण १० हर्ट्झचे उत्तेजक स्पंद, किंवा उजव्याला १ हर्ट्झचे शमवणारे.