कोळ्याचा फोटो: जवळून काढलेला आणि क्रॉप करून मोठा केलेला

सोसायटीच्या भिंतीवर टुणटुण उड्या मारणारा कोळी फोटोत मोठा दिसायला हवा असेल तर दोन वाटा आहेत. मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढण्याची लेन्स) लावून त्याच्या जवळ जायचं, नाहीतर लांबूनच फोटो काढून घरी निवांत क्रॉप करायचं, म्हणजे कडेचा भाग कापून टाकायचा. मोबाइलच्या पडद्यावर दोन्हींत कोळी सारखाच मोठा दिसतो, म्हणून बरेचजण हे एकच समजतात आणि फोटो मऊ, म्हणजे धार नसलेला, आला की खापर लेन्सवर फोडतात.

हिशेब करून बघू. कोळी ६ मिमीचा आहे. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र जिथे उमटतं तो भाग) ३६ मिमी रुंद असतो आणि त्यावर आडवे ६००० पिक्सेल असतात. मॅक्रो लेन्सने १:१ वर गेलात की कोळी सेन्सरवरही ६ मिमीचाच उमटतो, म्हणजे १००० पिक्सेल. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या किट लेन्सने जेमतेम १:४, म्हणजे पाव आकार, गाठता येतं. तिथे तोच कोळी २५० पिक्सेलमध्ये आटपतो. क्रॉप केल्यावर आजूबाजूची भिंत तेवढी जाते, २५० चे १००० काही होत नाहीत. फोनवर दोन बोटांनी ताणून केलेला झूमही बहुतेक वेळा क्रॉपच असतो.

मग सरळ जवळच जावं की! पण तिथे फोकसची खोली आडवी येते. १:१ वर एफ/८ ला (एफचा आकडा जितका मोठा तितकं अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, बारीक) जेमतेम १ मिमी खोली फोकसमध्ये राहते: डोळे धारदार, पाठ धूसर. अ‍ॅपर्चर बारीक करून फार सुटका नाही, कारण १:१ वर एफ/११ प्रत्यक्षात एफ/२२ सारखं वागतं आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच चित्र मवाळ होतं. त्यात आपली सावली पडते, आणि कोळी उडी मारून पाइपामागे गेला की विषयच संपला.

म्हणून माझं मत असं की १:१ च्या हट्टापायी अर्धे फोटो वाया जातात. १:२ वर थांबा आणि रुंदी-उंची निम्मी राहील असं क्रॉप करा. पिक्सेल कमी मिळतील, पण शेवटच्या चित्रात खोली एकाऐवजी दीड मिमीच्या आसपास येते, आणि कोळ्याच्या बाबतीत तो अर्धा मिमी म्हणजे डोळ्यांमागचा बराचसा भाग. वेबवर टाकायला ५०० पिक्सेलचा कोळी पुरतो. मोठी प्रिंट काढायची असेल तर मात्र जवळ जाण्याला पर्याय नाही.

सगळे कोळी जवळून बघायचेही नसतात. पावसाळा सरताना मुंबईतल्या आरेच्या झुडपांत सिग्नेचर स्पायडर दिसते. जाळ्यात पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली, आणि त्या फुलीवर दोन-दोन पाय जोडून बसलेली मादी. इथे फुली कापली तर फोटोत राहिलं काय? मागे या, कॅमेरा जाळ्याला समांतर धरा, म्हणजे कोळी आणि फुली दोन्ही एकाच फोकसमध्ये येतील. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या जायंट वुड स्पायडरचंही तेच, तिची लांबच लांब टांग मधेच छाटलेली फार खटकते. उडी मारणाऱ्याचं उलट. त्याच्या नजरेच्या उंचीवर उतरा, पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांवर फोकस करा आणि तो बघतोय त्या बाजूला जागा सोडा. वरून काढलेला फोटो कितीही क्रॉप केला तरी त्याचा चेहरा दिसणार नाही.

एडिटिंगला बसल्यावर दोन्ही फोटोंना एकच प्रीसेट (आधीच ठरवून ठेवलेल्या सेटिंग्जचा संच) चालत नाही. जवळून काढलेल्यात तपशील मुळात असतो, तिथे हलकं शार्पनिंग, तेही मास्क लावून, म्हणजे बाकीचा भाग झाकून, फक्त डोळे आणि केसांवर. धूसर पार्श्वभूमीवर शार्पनिंग गेलं की नुसते दाणे वर येतात. खूप क्रॉप केलेल्यात ते दाणे आधीच मोठे झालेले असतात, म्हणून तिथे आधी नॉइज, म्हणजे हे दाणे, कमी करा आणि शार्पनिंगला हात आखडता ठेवा. डोळ्यांवरचा फ्लॅशचा जळका पांढरा ठिपका दोन्हीकडे एडिटिंगने जात नाही. त्यासाठी फोटो काढतानाच फ्लॅशपुढे प्रकाश पसरवून मवाळ करणारा डिफ्यूझर हवा. ट्रेसिंग पेपरचाही चालतो.

एआय अपस्केलरपासून, म्हणजे छोटा फोटो एआयने मोठा करणाऱ्या सॉफ्टवेअरपासून, जरा सांभाळून. २५० पिक्सेलच्या कोळ्याला तो सुरेख केस काढून देतो, पण ते केस त्या कोळ्याचे नसतात. नुसत्या शोभेच्या फोटोत एकवेळ चालेल. पण आपल्या भिंतींवर नवी जात निघूच शकत नाही असं नाही: तुकाराम ओंबळे यांच्या नावाचा इसियस तुकारामी हा उडी मारणारा कोळी २०२१ मध्ये ठाण्यातूनच नोंदला गेला. ओळख पटवायला कुणाला फोटो पाठवणार असाल तर अपस्केल न केलेली मूळ फाइल पाठवा, आणि सोबत वरून काढलेला एक साधा फोटोही, कारण पाठीवरची नक्षी चेहऱ्याच्या फोटोत दिसत नाही.