कापडी फ्लॅट आणि प्लायचा फ्लॅट
फ्लॅट म्हणजे नाटक-सिनेमाच्या सेटवर खोटी भिंत उभी करण्यासाठी लाकडी चौकटीवर कापड किंवा प्लाय लावून केलेला तुकडा. रंग दिल्यानंतर पुढून पाहणाऱ्याला दोन्ही फ्लॅट सारखीच भिंत वाटतात. टिचकी मारली, की कापडी फ्लॅट डफासारखा घुमतो आणि प्लायचा फ्लॅट लाकडासारखा वाजतो. पण खरा फरक चौकटीत आहे. कापडी फ्लॅटमध्ये साधारण ३ इंच रुंद आणि १ इंच जाड पट्ट्या आडव्या, म्हणजे रुंद बाजू प्रेक्षकांकडे करून, जोडतात आणि कोपऱ्यांवर मागून पातळ प्लायचे त्रिकोण ठोकतात. प्लायच्या फ्लॅटमध्ये त्याच पट्ट्या उभ्या कडेवर बसवून त्यांवर पाव इंची प्लाय मारतात, त्यामुळे मागे तीन इंचांची खोली मिळते आणि शेजारचा फ्लॅट क्लॅम्पने किंवा बोल्टने घट्ट आवळता येतो.

कापडी फ्लॅटचे कौशल्य कापड चढवण्यात आहे. मांजरपाट बाहेरच्या चौकटीलाच चिकटवायचा, मधल्या आडव्या पट्ट्यांना नाही, कारण तिथे सरस लागला तर त्या पट्टीची रेघ दिव्यात पुढे उमटते. शिवाय तो किंचित सैलच ठेवावा लागतो. वरून खळीचा हात फिरला, की वाळताना कापड आक्रसते, आणि आधीच ताणून बसवलेले असेल तर चौकटच वाकवते. सुताला खळ बळकटीसाठी देतात हे सोलापुरात विणकराच्या घरी सांगावे लागत नाही. मात्र चौकटीवरच्या कापडावर तीच खळ वेगळे काम करते, हे पहिला फ्लॅट पिळवटल्यावरच माझ्या लक्षात आले. तो मी एप्रिलच्या उन्हात वाळत टाकला होता, हा आणखी एक शहाणपणा.

वजनाने हलका असल्यामुळे दौऱ्याच्या नाटकाला कापडी फ्लॅटच परवडतो. सोलापूरच्या हुतात्मा स्मृतिमंदिर नाट्यगृहात रात्री प्रयोग संपवून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी सेट लावायचा असेल, तर दोन माणसांनी उचलता येणारी भिंत हवी. कॅमेऱ्यापुढे मात्र दार आपटल्यावर थरथरणारी भिंत चालत नाही. तिथे प्लायच लागते, कारण तिच्यावर फळी ठोकता येते आणि नटाला खुशाल टेकून उभे राहता येते. आम्ही नाटकातही दाराचा तेवढा एक फ्लॅट प्लायचा करतो आणि त्याला मागून तिरका टेकू देऊन तळाशी वजन ठेवतो.